पुलाकडचं फाटक

या घरातल्या माणसांनी नदीकाठच्या बागेतला एकही उत्सव कधी चुकवला नाही आणि एकही उत्सव कधी पाहिला नाही. ऐकायला कोडं वाटेल, पण त्यात कोड्यासारखं काही नाही. वर्षातून चार वेळा सगळं घर आवरूनसावरून बागेच्या मोठ्या फाटकाशी जमतं आणि जो कुणी यायचा राहिला असेल त्याची वाट बघत उभं राहतं. तो येतो तोवर आतलं सगळं आटोपलेलं असतं. वसंतातल्या फुलांच्या उत्सवाला ही मंडळी आत शिरतात तेव्हा माळी पाण्याची नळी गुंडाळत असतो. उन्हाळ्यात गाण्याबजावण्याच्या संध्याकाळी पोचतात तेव्हा खुर्च्या टेम्पोत चढत असतात. हिवाळ्यात दिव्यांच्या उत्सवाला तर एकदा कहरच झाला. यांनी आत पाऊल टाकलं आणि कुणीतरी मेन स्विच बंद केला. त्यावर बाबा म्हणाले, "असू दे. गर्दी तरी नाही."

बाबा म्हणजे घरातलं वडील माणूस. सारा जन्म शहराच्या बसवर कंडक्टर होते. शेवटचा माणूस पायरीवर चढल्याशिवाय त्यांनी कधी घंटी मारली नाही, अशी त्यांची डेपोत कीर्ती होती. ड्रायव्हर मागे वळून शिव्या घालायचे, उतारू घड्याळं दाखवायचे, पण लांबून कुणी पिशवी सांभाळत धावत येताना दिसलं की बाबांचा हात घंटीच्या दोरीवरून खाली यायचा. निवृत्त झाले, दोरी सुटली, पण घंटी काही सुटली नाही. घरात जेवायला बसायचं तरी सगळे जमेपर्यंत पानावर हात धरून बसायचं. आणि बागेत जायचं तर नियम एकच: सगळे आल्याशिवाय आत जायचं नाही.

या नियमाला कारण होतं, आणि ते कारण आई, म्हणजे थोरल्या मुलाच्या बायकोच्या, थोरलीच्या, सासूबाई, फाटकाशी उभ्या उभ्या दरवेळी नव्याने सांगायच्या. धाकटा मुलगा सहा वर्षांचा असताना शिडांच्या उत्सवात हरवला होता. बाबा होड्या बघण्यात दंग झाले आणि पोराचं बोट कधी सुटलं ते कळलंच नाही. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. त्याला एवढंच सांगून ठेवलेलं होतं की, हरवलास तर फाटकाशी थांब. कुठल्या फाटकाशी ते कुणी सांगितलं नव्हतं. बागेला फाटकं दोन. एक बसथांब्यासमोरचं मोठं, दुसरं पार खालच्या अंगाला, पुलाच्या टोकाशी. सगळे मोठ्या फाटकाशी ऊर बडवत होते आणि पोरगं पुलाकडच्या फाटकाचे गज धरून शहाण्यासारखं उभं होतं. बाबांना ते तिथे सापडलं. पण त्या दिवसापासून बाबा पुलाकडच्या फाटकाकडे फिरकले नाहीत. बागेत आले तरी अर्ध्या वाटेवरून मागे वळायचे.

थोरलीने ही कथा लग्न झाल्यावर पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा ती हूं हूं करत होती. आता आई 'बोट' म्हणाल्या की तिच्या डोक्यात कळ जायची. कुणाचं दुःख कितीही खरं असलं तरी ते वर्षातून चार वेळा, त्याच भिंतीला टेकून, नदीकडे पाठ करून ऐकायचं म्हणजे माणसाचा अंत बघणं झालं. मोठ्या फाटकातून नदी दिसतच नाही. दिसते ती आतली भिंत, झाडांची रांग आणि शौचालयाची पाटी.

या वर्षी मात्र थोरलीला आत जायचंच होतं. शिडांच्या उत्सवात तिचं स्वतःचं शीड पाण्यावर जाणार होतं.

ती ताडपत्र्या, तंबू, दुकानांपुढची कापडी छपरं शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. आई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून ताडपत्र्या शिवते," आणि ते सांगताना त्यांचा सूर 'आमच्या नळाला पाणी कमी येतं' असा असायचा. कारखान्यात कापड बेतायचं काम कटिंग मास्तरचं. मशिनीवरच्या बायकांनी मास्तरने बेतलेलं मुकाट्याने शिवायचं. त्याने वाकडं कापलं तर वाकडं शिवायचं आणि गिऱ्हाईक ओरडलं तर शिलाईला नावं ठेवून घ्यायची. थोरलीने ते बरीच वर्षं केलं होतं. तिला कटिंगचं टेबल हवं होतं. ते लांब, गुळगुळीत टेबल खिडकीखाली होतं आणि त्याच्यावर दिवसभर उजेड असायचा.

या वर्षी होड्यांच्या शिडांचं काम कारखान्याला मिळालं. मास्तरने सगळी शिडं टेबलक्लॉथसारखी सपाट कापली. शेवटच्या होडीचं मोठं शीड राहिलं आणि नेमकी एका हॉटेलाच्या छपराची घाई आली, तेव्हा थोरली म्हणाली, "मास्तर, हे मी बेतू का? पण याला मी पोट देणार. सपाट कापडात वारा थांबत नाही."

"शीड म्हणजे काय फ्रॉक आहे, घेर द्यायला?" मास्तर म्हणाला. मशिनी थांबल्या आणि बायका हसल्या. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्याने कात्री तिच्यापुढे सरकवली. "घे. फुगलं तर दुसरं टेबल टाकू, ते तुझं. नाही फुगलं तर गपगुमान मशिनीवर, आणि परत तोंड उघडायचं नाही. मी मोटारबोटीत बसून मागनं येणार आहे. बघतोच."

थोरलीने शीड बेतलं. निळं कापड, मधोमध पिवळा पट्टा. तिने तळाला एक खोल चूण घातली, म्हणजे वारा भरला की ती उघडेल आणि कापडाला पोट सुटेल. कात्री हाताला नवी होती, आणि चुणीपाशी एक काप नको तिथे गेला. वीतभर. निळं कापड संपलेलं. शेवटी सगळे जेवायला गेल्यावर तिने एका जुन्या ताडपत्रीचा लाल तुकडा काढला आणि आतून ठिगळ मारलं. कापड लोंबत असेल तर ते चुणीत झाकून जायचं. वारा भरून चूण उघडली तरच दिसायचं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मास्तरला तर नाहीच, नवऱ्यालाही नाही.

बाकीचं मात्र तिने घरात सगळ्यांना पाठ करून घेतलं होतं. "सगळ्यात शेवटची होडी. निळं शीड, पिवळा पट्टा. नीट बघा हां."

"वहिनी, सगळ्यांच्या आधी मी पोचतो की नाही बघ," धाकटा फोनवर म्हणाला होता.

आता या धाकट्याचा शब्द म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मुलगा मनाने लोण्यासारखा, पण थापाड्या. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायची सवय. भाजी खारट झाली की 'अप्रतिम', थोरलीच्या नवऱ्याने केस कापून स्वतःचा नारळ करून घेतला की 'हिरो'. तो म्हणाला बाहेर ऊन आहे, तर आई छत्री घेऊन निघायच्या. काही महिन्यांपूर्वी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बेकरीत नोकरी लागली आणि तो तिकडेच खोली घेऊन राहू लागला. आजवर तो घरातून आई-बाबांबरोबर निघायचा, कुठल्या फाटकाशी जायचं हे त्याला कधी ठरवावं लागलं नव्हतं. या वेळी पहिल्यांदाच परस्पर तिकडून येणार होता.

उत्सवाच्या दिवशी थोरलीने सकाळपासून सगळ्यांच्या मागे तगादा लावला. आईंच्या चपलेचा अंगठा तिने आदल्या दिवशीच शिवून घेतला होता. नवऱ्याला तिने आंघोळीला ढकललं, बाबांचा चष्मा स्वतः शोधला, आणि इतिहासात पहिल्यांदा चार माणसं वेळेच्या आधी मोठ्या फाटकाशी उभी राहिली. धाकटा तेवढा नव्हता.

तरी थोरली शांत होती. तिने हिशोब बांधला होता. आधी भाषणं होणार, प्रमुख पाहुण्यांना हार, मग आभार. नमनाला घडाभर तेल. तेवढ्यात भाऊजी येतील. आतल्या भोंग्यावर कुणीतरी "हॅलो, हॅलो" केलं, घसा साफ केला आणि म्हणालं, "रसिकहो, आजचे आपले प्रमुख पाहुणे काही कारणामुळे येऊ शकत नाहीत. तेव्हा भाषणांत वेळ न घालवता आपण थेट होड्या सोडत आहोत."

थोरलीने कपाळाला हात लावला. आजवर एकही कार्यक्रम वेळेवर सुरू झालेला तिने ऐकला नव्हता, आणि झाला तो आजच.

"बाबा, सुरू झालं."

"येईलच तो. पाच मिनिटं."

"शेवटची होडी सुटेपर्यंत तरी जाऊ या ना. ते येतील मागून."

"पाच मिनिटं गं," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. त्यांची मान बसथांब्याकडे अशी वळलेली होती, की ती आता तिथेच कायमची अडकेल असं वाटावं.

नवऱ्याने पुन्हा फोन लावला. "बंद आहे."

"त्यांचा फोन चालू कधी असतो?"

"बॅटरी गेली असेल," म्हणून नवरा भिंतीवरची 'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी वाचायला गेला. दोन ओळींची पाटी, पण तो ती एखाद्या कादंबरीसारखी वाचत राहिला. बाबा आणि बायको यांच्यामध्ये काही पेटलं की या माणसाला वाचनाची आवड निर्माण व्हायची.

आतून टाळ्या आल्या. पहिली होडी सुटली असणार. आईंनी शेंगदाण्यांची पुडी उघडली, कट्ट्यावर बैठक मारली आणि म्हणाल्या, "असाच दिवस होता. असंच ऊन होतं. बाबांनी त्याचं बोट…"

"आई, नका ना!" थोरली जवळजवळ ओरडलीच. "सहा वर्षांचे आहेत का भाऊजी आता? मिशा आल्यात त्यांना."

"मिशा आलेली माणसंसुद्धा हरवतात," बाबा म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी. पुन्हा टाळ्या. दुसरी होडी, का तिसरी, कुणास ठाऊक. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं तिने लोकांनी वाकडं कापलेलं सरळ शिवलं, या घरातही तेच केलं. एक दिवस तिला तिच्या हातचं काहीतरी बघायचं होतं. दागिना नाही मागितला, साडी नाही मागितली. एक कापड वाऱ्यावर फुगतं का नाही, एवढंच बघायचं होतं.

"मग मी एकटी जाते," ती म्हणाली.

आईंचा हात शेंगदाणा सोलता सोलता थांबला.

"जा की," बाबा म्हणाले. "मी कोण अडवणारा?"

हे बाबांचं 'जा की' फार वाईट होतं. त्यात आवाज चढलेला नसायचा, उलट थोडा बसलेला असायचा, आणि तो ऐकून माणसाचे पाय जमिनीत रुतायचे. थोरलीचेही रुतले. नवरा पाटीपासून हळूच म्हणाला, "जाऊ दे ना. मी उद्या तुला निवांत घेऊन येतो."

"उद्या? उद्या काय होड्या तुमच्यासाठी परत सुटणार आहेत?"

तो पुन्हा कुत्र्यांकडे वळला.

आणि मग थोरलीच्या डोक्यात एकदम काहीतरी आलं. धाकट्याची बेकरी नदीच्या पलीकडे. तिकडून येणारी बस पुलावरून येते. "बाबा," ती म्हणाली, "भाऊजी पुलाकडच्या फाटकाशी तर नसतील?"

बाबांचा चेहरा उतरला. "तिकडे कशाला जाईल तो? आपण कायम इथेच भेटतो."

"बघून येते."

आता याला कुणी काय म्हणणार? हरवलेल्याला शोधायला जाणं नियमात बसत होतं. थोरलीने पदर खोचला आणि फाटकातून आत सुटली. आपण भाऊजींना शोधायला चाललोय की शिडाला, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

झाडांची रांग ओलांडली आणि समोर नदी असायला हवी होती. समोर पाठी होत्या. काठाला धरून माणसांची भिंतच उभी होती, आणि भिंतीवर पुन्हा बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं. त्यांच्या डोक्यांवरून डोलकाठ्यांची नुसती टोकं सरकताना दिसत होती. टोकांना बांधलेले झेंडे फडफडत होते. पण डोलकाठीच्या टोकावरून खालचं कापड फुगलंय की मान टाकून पडलंय हे कसं कळणार? थोरली टाचा उंचावून उंचावून थकली. शेवटी तिने एका खांद्यावरच्या पोरालाच विचारलं, "बाळा, निळी होडी आली का रे? पिवळ्या पट्ट्याची?"

पोराने तिच्याकडे गंभीरपणे बघितलं. "मला शू आली," तो म्हणाला.

बाप घाईघाईने वळला, गर्दीत क्षणभर फट पडली, आणि त्या फटीत थोरलीने एक निळी कड बघितली. तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ फटीत येऊन उभे राहिले. ती 'सरका, सरका' म्हणत राहिली. सरकलं कुणीच नाही. होडी पुढे गेली होती. आता एकच उपाय होता, होडीच्या पुढे पळायचं.

ती पळाली. वाफ्यांना दोऱ्या बांधलेल्या होत्या, एक तिने ओलांडली, दुसरीत पाय अडकला. रखवालदाराने शिट्टी फुंकली. "ओ बाई, फुलं!" चप्पल तुटली ती तिने हातात घेतली. घरातल्या सगळ्यांच्या चपला बघायला तिला वेळ होता, स्वतःची तेवढी राहून गेली होती. पुढे आइस्क्रीमची रांग वाटेवर आडवी, तिच्या पुढे पाळण्याची रांग, आणि तिथे एक बाई म्हणाली, "रांगेत या हं!" थोरली म्हणाली, "मला पाळण्यात नाही बसायचं हो!" आणि ती इतक्या तळमळीने म्हणाली की त्या बाईने मुकाट्याने वाट दिली.

पुलापाशी गर्दी विरळ झाली. नदी एकदम उघडी पडली. पाणी चमकत होतं, वारा चांगला सुटला होता, आणि शेवटची होडी पुलाखालून पलीकडे निघून वळणावरच्या झाडांआड शिरत होती. शीड आधीच फांद्यांआड गेलं होतं; दिसला तो होडीचा मागचा लाकडी भाग, वल्हं धरून बसलेल्या माणसाची पाठ आणि त्यांच्या मागोमाग जाणाऱ्या मोटारबोटीचा धूर. मग तेही गेलं.

थोरली हातात चप्पल घेऊन तिथेच उभी राहिली. तिला रडू आलं. कुणावर चिडावं हेही कळेना, म्हणून ती सगळ्यांवर चिडली. न आलेल्या पाहुण्यांवर, जाडजूड गृहस्थांवर, कुत्र्यांच्या पाटीवर.

"वहिनी!"

पुलाकडच्या फाटकाचा गज एका हाताने धरून धाकटा उभा होता. दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पाव, काखेत पावांची मोठी पिशवी. "अगं किती उशीर! मी कधीचा थांबलोय. बाकीचे कुठायत?"

"तू इथे काय करतोयस?" थोरली आयुष्यात पहिल्यांदा दिराला अरे-तुरे करून गेली.

"काय करतोय म्हणजे? फाटकाशीच थांबलोय की. सगळे आल्याशिवाय आत जायचं नाही ना? बघ, पाऊलसुद्धा टाकलं नाही आत." तो अभिमानाने आपल्या पायांकडे बघून म्हणाला. फाटकाच्या बरोबर बाहेर, रेघेवर उभा होता.

म्हणजे तिकडे चौघं याची वाट बघत होती आणि हा इकडे चौघांची. दोन्हीकडे नियम अगदी काटेकोर पाळला जात होता. थोरलीला हसावं की चप्पल मारावी ते कळेना. चप्पल हातात होतीच.

"शीड पाहिलंत का माझं?" तिने विचारलं.

"पाहिलं म्हणजे काय! झकास! नुसतं टम्म फुगलेलं. बाकीच्या सगळ्यांना मागे टाकलं तुझ्या होडीने. लोक टाळ्या वाजवत होते."

"खरं सांगा."

"आईशप्पथ."

त्याने आजवर इतक्या वेळा आईची शपथ घेतली होती की आई अजून धडधाकट होत्या याचंच नवल. थोरलीने मान फिरवली. सगळ्या जगात तिच्या शिडाचा एकच साक्षीदार सापडला, आणि तो हा. शीड फुगलं नसतं तरी हा 'झकास' म्हणाला असता. शीड फाटून नदीत पडलं असतं तरी हा म्हणाला असता, 'काय पोहत होतं वहिनी!' ती मोठ्या फाटकाच्या दिशेने चालू लागली. तो पिशवी सावरत मागोमाग निघाला.

थोडं चालल्यावर तो म्हणाला, "वहिनी, एक बोलू का? राग नको मानूस."

"बोला."

"ते खाली लाल ठिगळ कशाला लावलंस? एवढं छान निळं कापड, आणि पोटाखाली हा एवढा लाल तुकडा. आधी नव्हता दिसत. होडी धक्क्यावरून निघाली तेव्हा नाही. इथे वारा लागला आणि एकदम असा उघडा पडला. माझ्या शेजारचा माणूससुद्धा म्हणाला, हे काय मध्येच?"

थोरली थांबली.

"परत सांगा."

"अगं, तसं काही वाईट नव्हतं…"

"वाईट होतं! वाईटच होतं, भाऊजी! कुठे होतं ते नीट सांगा."

तो घाबरला. "खाली. चुणीपाशी. वीतभर असेल. सॉरी वहिनी, मी उगाच बोललो."

थोरली जवळच्या बाकावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि धाकटा पाव पुढे करून 'खा, खा, बरं वाटेल' म्हणत राहिला. फुगलं होतं. चूण उघडली होती. ठिगळ दिसलं म्हणजे कापडाला पोट सुटलं होतं, यात थापेला जागाच नव्हती. गोड बोलायच्या त्याच्या सगळ्या आयुष्यात तो एकदाच नावं ठेवायला गेला, आणि तेवढंच तिच्या कामाला आलं.

पण उठून चालायला लागली तशी तिची चीड परत आली. फुगलं ते खरं, पण ते तिने कुठे बघितलं? डोळ्यांनी बघायचं ते कानांनी ऐकायला मिळालं. समोरून माणसांचे लोंढे बाहेर निघाले होते. सगळ्यांनी बघितलं होतं. पाळण्याच्या रांगेतल्या त्या बाईनेसुद्धा बघितलं असणार.

मोठ्या फाटकाशी बाबांना धाकटा दिसला आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी बोटाने एकेकाला मोजलं, जसे बसमधले उतारू मोजायचे. "आले सगळे," ते म्हणाले. "चला आत."

"मी नाही येत," थोरली म्हणाली.

नवऱ्याने पाटीकडे बघितलं, पण ती आता पाठ झाली होती.

"आत काय आहे आता? बैल गेला आणि झोपा केला. बाबा, माझं शीड फुगलं. सगळ्या काठाने ते बघितलं. आपल्या घरातल्या चार माणसांनी तेवढं बघितलं नाही, कारण आपण भिंतीकडे तोंड करून भाऊजींची वाट बघत होतो. आणि भाऊजी तिकडे आपली वाट बघत होते. दरवर्षी मी गप्प बसते. या वर्षी नाही बसणार. मला फार राग आलाय बाबा, आणि मला फार वाईट वाटलंय."

आई काही तरी म्हणणार होत्या, पण बाबांनी हात वर केला. ते धाकट्याकडे बघत होते. "तिकडे म्हणजे कुठे होतास तू?"

"पुलाकडच्या फाटकाशी."

"तिकडे कशाला गेलास? ते का आपलं फाटक आहे?"

"मग कुठलं आपलं?" धाकटा खरोखर गोंधळून म्हणाला. "तिथेच तर तुम्ही सापडला होता मला, बाबा."

बाबा कट्ट्यावर आईंच्या शेजारी बसले. त्यांच्या लेखी ते फाटक म्हणजे पोरगं हरवलं ती जागा. एवढी वर्षं त्यांनी तिकडे पाहिलं नव्हतं. आणि पोराच्या लेखी ते बाप धावत आला ती जागा होती. एकाच फाटकाची दोघांनी दोन फाटकं करून ठेवली होती, आणि त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

"तिथून नदी दिसते का रे?" बाबांनी विचारलं.

"सगळी. धक्क्यापासून वळणापर्यंत."

बाबा उठले, चष्मा पुसला आणि आत चालू लागले. नेहमीच्या वळणावर ते मागे फिरतील असं सगळ्यांना वाटलं. ते फिरले नाहीत. फक्त तिथे त्यांनी चालता चालता धाकट्याचा हात धरला आणि पुलाकडच्या फाटकाशी पोचेपर्यंत सोडला नाही. धाकट्याने मिशा असूनही तो धरू दिला.

ऊन उतरलं होतं. मोटारबोट एकेक होडी ओढत परत आणत होती. शिडं उतरवून गुंडाळलेली होती, नुसत्या काठ्या दिसत होत्या. बाबा गज धरून बघत राहिले. "यातली तुझी कुठली?"

"माझी नाही आली अजून," थोरली म्हणाली. "ती सगळ्यात लांब गेली ना."

आणखी एक होडी आली. काठावरचे लोक पांगले. पाळणा थांबला, आइस्क्रीमवाल्याने गाडी झाकली. वारा गार झाला. आईंनी पदर अंगभर लपेटला. "चला की आता," त्या म्हणाल्या. "गुंडाळलेलंच कापड दिसायचं. बस चुकेल."

"चुकू दे," बाबा म्हणाले.

थोरलीचे पाय भरून आले होते, तुटकी चप्पल बोचत होती आणि आतली चीड अजून पुरती गेली नव्हती. बाबांच्या शेजारचा गज तिने धरला.

शेवटी वळणावरून मोटारबोट आली. मागे दोरीला बांधलेली शेवटची होडी, तिच्यात निळं शीड घडी करून ठेवलेलं. वरच्या घडीतून लाल तुकडा तेवढा बाहेर आला होता. मोटारबोटीत मास्तर बसला होता. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. थोरलीला बघून त्याने मान दुसरीकडे वळवली.

होडी धक्क्याला लागेपर्यंत बाबा हलले नाहीत. मग त्यांनी बोटाने मोजलं. आई, थोरला, धाकटा, थोरली, आणि शेवटी पाण्याकडे एक बोट.

"आले सगळे," ते म्हणाले. "चला."